वहीतलं आडनाव

१९६४ साली खैरुद्दीन पावसकर शारजाजवळच्या एका वसतिशाळेत कारकून होता. शाळा इंग्रजांची, मुलं वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांची. गाडीत घालून आणायची, केस भादरायचे आणि इंग्रजी बोलायला लावायचं. त्यांना घरी जायचंय का, हे विचारण्याचा रकाना साहेबाच्या वहीत नव्हता.

आडनावाचा मात्र होता. टोळीतली माणसं बापाचं नाव सांगायची, आज्याचं सांगायची. आडनाव आणणार कुठून? खैरुद्दीनने आपलं कोकणी डोकं लढवलं. पावसचा तो पावसकर. मग सालेम बिन राशिद धैद गावच्या खजुरीखाली सापडला, तर तो सालेम धैद. साहेब खूश झाला. खैरुद्दीनही आठवडाभर स्वतःवर खूश होता.

आठ महिन्यांनी सालेमची आई आली. नवरा वारला होता, टोळी दूर निघाली होती, तिला मुलगा हवा होता. साहेबाने वही उघडली. मुलगा धैदचा, तर धैदच्या मुखियाची चिठ्ठी आण, म्हणाला. बिचारी दोन दिवस चालत गेली, दोन दिवस चालत परत आली. धैदवाल्यांनी हात वर केले होते. ते तरी काय करणार? टोळीने तिथे फक्त खजुराचा हंगाम काढला होता.

खैरुद्दीनला घास जाईना. चूक कबूल करावी तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर ही बाई फाटकाशी बसलेली. इकडे आड, तिकडे विहीर. मग त्याला पावसला ठेवलेली आपली लेक झुबेदा आठवली. चार वर्षांत तिने बापाचं तोंड पाहिलं नव्हतं. तो उठला आणि साहेबापुढे जाऊन उभा राहिला.

"सर, मिस्टेक मेरा है. ये सरनेम मैंने बनाया."

साहेब चिडला नाही. तू खरा की वही खरी, ते मुलालाच विचारू, म्हणाला. खैरुद्दीनचा जीव भांड्यात पडला.

सालेमला फाटकाशी आणलं. पलीकडे आई गज धरून उभी. साहेबाने नाव विचारलं. पोराने टाचा जुळवल्या. चुकलं की छडी, हा धडा खैरुद्दीननेच रोज हजेरीला गिरवून घेतला होता.

"सालेम धैद, सर."

आईने त्याला बापाच्या नावासकट हाक मारली. पोराने तिकडे पाहिलं नाही. त्याने खैरुद्दीनकडे पाहिलं, उत्तर बरोबर आलं ना म्हणून. खैरुद्दीनची मान शरमेने खाली गेली. पोराला वाटलं, बरोबर आलं.