आत्या आणि मागे राहिलेला माणूस

आमची गयाआत्या टीव्हीशी भांडायची. संध्याकाळी अवकाशयानाची हिंदी मालिका लागली, की भाकरी थापता थापता ती कप्तानाला दम द्यायची, "अय बाबा, मागं बघ की! कावून येड्यावानी पुढं पळायलास?"

आत्या म्हणजे बाबांची थोरली विधवा बहीण. आई-बाबा ऊसतोडीला गेले, की धारूरजवळच्या वस्तीवर आम्ही दोघीच. मी ग्रहताऱ्यांचं सांगितलं, की ती म्हणायची, "एवढं मोठं आभाळ, अन् त्याला आपली खबर बी न्हाई? मग आपलं आपणच बघाया पायजे, माय." आज मी शाळेत विज्ञान शिकवते. विश्वाला माणसाची फिकीर नाही, असं मुलांना सांगताना ती हटकून आठवते.

एका भागात यानातली हवा कमी पडली. जखमी सोबत्याला उजाड ग्रहावर सोडून बाकीचे निघाले. मी शहाणपणानं म्हटलं, "गणित बरुबर हाय, आत्या. हवा तेवढीच हुती."

तिनं पिठाच्या हातानंच टीव्ही बंद केला. "आसंल बरुबर. पर मी न्हाई बसले आसते त्या गाडीत." त्या दिवशी ती धड जेवलीसुद्धा नाही. अहो, मालिकेतली माणसं ती! पण तिला कोण सांगणार?

मी दहावीत गेले आणि आई वारली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाबा आता अर्धा कोयता झाले. टोळीचा मुकादम दारात येऊन म्हणाला, "पोरगी मोठी झाली की. घ्या तिला संगं." बाबा मान खाली घालून बसले. माझी शाळा तिथंच संपली, असं मला वाटलं.

आत्या पदर खोचत बाहेर आली. "मी येते. लिही माझं नाव."

"म्हातारे, मोळी उचलशील का?"

"तू आईच्या मांडीवर हुतास, तवापून उचलतेय. गप लिही!"

गुडघे धरून उठणारी बाई ती. मला शेजारच्या काकूंकडं ठेवलं. ट्रकमध्ये चढताना म्हणाली, "टीव्हीतल्या त्या मागं ऱ्हायलेल्या मानसाचं काय हुतंय, ते बघून ठेव."

मालिका संपली. त्याला न्यायला कुणीच आलं नाही. मी फोनवर खुशाल खोटं बोलले, "आले गं माघारी. घेऊन गेले त्याला."

"खोटारडी!" आत्या हसली. "पर लई बरं वाटलं बघ. आता अभ्यास कर."

शेवटचा पेपर सोपा गेला. तोवर टोळी परतल्याचं कळलं होतं, म्हणून मी पळतच घरी आले. अंगणात बाबा एकटेच बसले होते. आत्या तापानं उसाच्या फडातच गेली होती, महिना झाला होता. पोरीचे पेपर होईस्तोवर सांगू नका, असं तिनंच बजावलं होतं.

"कसा गेला पेपर?" बाबांनी विचारलं.

"सोपा गेला," म्हणत मी त्यांच्याशेजारी बसले.