डावं मडगार्ड

"मी लोखंडाला मारतो, म्हणून माणसं वाचतात."

हे वाक्य मिस्त्री दिवसातून दोनदा तरी म्हणायचे, आणि म्हणताना हातोडीचा दांडा स्वतःच्याच मांडीवर असा हाणायचे की ऐकणाऱ्याला आपणच थोडक्यात वाचलो असं वाटावं.

नायगावला आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला टेकून त्यांची पत्र्याची शेड होती. ठोकर बसलेल्या गाड्यांचे पोचे काढणं हा त्यांचा धंदा. मी चाळ कमिटीची सेक्रेटरी, त्यामुळे तक्रारवही माझ्या घरात. तिची निम्मी पानं त्यांचीच होती. 'ठोकाठोक, सकाळी.' 'ठोकाठोक, बारशाच्या वेळी.' 'गिऱ्हाइकाची गचांडी धरली.' मी दर महिन्याला तक्रारींना नंबर घालून त्यांना वाचून दाखवायला जायची. ते हात न थांबवता ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "संपली यादी, सेक्रेटरीबाई? आता कुणाकुणाला मारलं नाही ते वाचा."

अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. लोक त्यांना टरकून असतात आणि काम मात्र त्यांच्याकडेच नेतात. मिस्त्रींकडे लोक यायचे, कारण ते लांबी लावत नसत. लांबी म्हणजे पोच्यात भरायचा लगदा. तो वाळला की घासायचा, वरून रंग मारायचा, की पोचा दिसत नाही. मिस्त्री पत्र्याच्या आतून डॉली, म्हणजे एक लोखंडी ठोकळा, टेकवायचे आणि बाहेरून ठोकून ठोकून पत्रा मूळ जागी आणायचे. "लांबी म्हणजे खोटी साक्ष," असं ते म्हणत. एकदा एका गिऱ्हाइकाने 'लांबी भरून टाका, घाई आहे' म्हटलं, तर त्याच्या गाडीची किल्ली त्यांनी गटारात फेकली. (तक्रार नंबर सोळा.)

शेडच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली त्यांची स्वतःची गाडी होती. जुनी, अमेरिकन, होडीएवढी लांब, मागे माशासारखे दोन पर. माहीमच्या एका ख्रिश्चन कुटुंबाच्या अंगणात ती फणसाखाली सडत होती. 'उचलून न्या' म्हणाले, यांनी उचलली. नऊ वर्षं ते आणि त्यांचा मुलगा धंद्यातून वेळ काढून तिच्यावर काम करत होते. मुलगा पंचविशीचा, बापाइतकाच हात बसलेला, बापाइतकाच तापट. दोघं एकमेकांशी बोलायचे ते ओरडूनच.

एका दुपारी मी गॅलरीत कपडे काढत होते. शेडमधून दोन आवाज आले. पहिला ओला, दुसरा लोखंडाचा. धावत खाली गेले तर मुलगा कान दाबून बसलेला आणि बोटांमधून रक्त. त्याने कुणाच्या तरी टॅक्सीला लांबी लावली होती. मिस्त्रींनी जाडजूड कानस त्याच्या कानफटात मारली होती. मी पोराला हॉस्पिटलात नेलं. डाव्या कानाचा पडदा गेला. तिथूनच तो नाशिकला मित्राकडे गेला, तो परत आलाच नाही. मी वहीत लिहिलं: 'मुलाला मारहाण. नंतर ठोकाठोक.' दुसरा आवाज मी मिस्त्रींचाच धरला होता. तीन वर्षं तसंच समजत होते.

त्यानंतर मिस्त्री जास्त वाईट झाले. बोलणं तुटलं, ठोकणं वाढलं. गाडी मात्र पुरी झाली. वर पांढरी, खाली आकाशी. पोरं लांबून बघायची, कुणी बोट पुढे केलं की "हात काढ!" अशी डरकाळी यायची.

मग चाळी पाडायचं ठरलं. आम्हाला आणि चाळीतच राहणाऱ्या मिस्त्रींना संक्रमण शिबिरात खोल्या मिळाल्या. शेडला काही मिळालं नाही आणि ती सोमवारी पाडायची तारीख आली. होडीएवढी गाडी ठेवणार कुठे? उघड्यावर राहिली तर भंगारवाले रात्रीतून तिचे तुकडे करणार. मी मिस्त्रींना स्पष्ट सांगितलं, "विका." जाहिरात मी लिहिली, येणाऱ्यांची यादीही मीच ठेवली.

पहिला आला, त्याने दारावर बोटांची पेरं वाजवली. मिस्त्रींनी डिकी अशी आपटली की त्याची बोटं जेमतेम वाचली. दुसऱ्याने विचारलं, "एसी बसेल का?" हातोडी त्याच्या कानाजवळून गेली आणि शेडच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडली. तिसऱ्याला गाडी अर्धी कापून हॉटेलात काउंटर करायचा होता. त्याला आम्ही चौघांनी मिळून मिस्त्रींच्या हातातून सोडवला.

"मिस्त्री, यादीत आता एकच नाव उरलंय," मी म्हटलं. "याला हात लावलात तर गाडीवरनं बुलडोझर जाईल."

"नाही लावणार. मी लोखंडाला—"

"ते माहितेय."

चौथे गिरगावातले एक निवृत्त इंजिनिअर होते. शांत माणूस. अशी गाडी त्यांच्या वडिलांकडे होती म्हणाले. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून हलकेच फिरवायला लागले. लोखंडाला चिकटतं, लांबीला चिकटत नाही.

"फिरवा," मिस्त्री छाती काढून म्हणाले. "एक बोटभर लांबी सापडली तर फुकट न्या."

दारं, टप, डिकी, सगळीकडे चिकटलं. पुढच्या डाव्या मडगार्डवर आलं आणि सुटून जमिनीवर पडलं.

"इथे आहे," ते गृहस्थ म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांची कॉलर धरली. मी मध्ये घुसले. माझा चष्मा पडला, फुटला. मग कॉलर सोडून त्यांनी हातोडी उचलली. मला वाटलं, संपलं. पण घाव पडला तो मडगार्डवर. रंग तडकला. दुसरा, तिसरा. लांबीची ढेकळं खाली पडली. आत एक पोचा होता, हातोडीच्या तोंडाएवढा, खोल.

"हा तुमच्याच्याने निघाला नाही?" त्या गृहस्थांनी शर्ट नीट करत विचारलं.

"अर्ध्या तासाचं काम आहे. काढवला नाही, मीच लांबी भरली." मिस्त्री धापा टाकत होते. "पोराच्या हातचा आहे. कानस मारली ना मी, तेव्हा त्याने हातोडी उचलली. इथवर आली होती." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "ऐन वेळी हात वळवला. वाक्य माझं, सेक्रेटरीबाई. केलं त्याने."

मी चष्म्याच्या काचा गोळा करत बसले.

"मडगार्ड सरळ करून द्या, मी गाडी घेतो," गृहस्थ म्हणाले. "पोचा ठेवून नाही घेणार."

"हे सरळ करणार नाही. दुसरं बनवतो."

त्यांनी ते मडगार्ड बोल्ट खोलून उतरवलं आणि कोऱ्या पत्र्यातून नवीन ठोकायला घेतलं. सहा दिवस वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून ते त्याला बडवत होते. हाताची सालं निघाली, फडकी बांधून बडवलं. रोज तक्रारी आल्या. रविवारी संध्याकाळी इंजिनिअर आले. चुंबक सगळीकडे चिकटलं. गाडी गेली तेव्हा मिस्त्रींनी तिच्याकडे पाठ केली होती. ते जुनं मडगार्ड गोणपाटात बांधत होते. त्यांच्या सामानाच्या यादीत मी लिहिलं: 'नग अकरा, मडगार्ड, पोचा आलेलं.'

शिबिरातल्या खोलीत ते भिंतीवर टांगलेलं असायचं, लोक फोटो लावतात त्या जागी. मिस्त्री तिथे जेमतेम वर्षभर होते. ठोकायला काही नव्हतं. एके सकाळी चहा घेता घेता गेले.

दिवस झाल्यावर मुलगा सामान न्यायला आला. मी उजव्या बाजूला उभी राहिले, डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. मी यादी वाचत होते, तो मान डोलावत होता. अकरा नंबरला थांबला.

"हे ठेवलं त्यांनी? पोचा काढला का नाही मग?"

मी सगळं सांगितलं. चुंबक, कॉलर, कपाळावरचं बोट. तो मडगार्ड खाली घेऊन फरशीवर बसला आणि त्याने पोच्यातून अंगठा फिरवला.

"मावशी, डॉली कुठाय?"

"नग बारा. कॉटखाली, हातोडीबरोबर."

पहिले घाव असे पडले की वरच्या मजल्यावर भांडी वाजली. त्याला दिसत नव्हतं बहुतेक, डोळे भरलेले होते, पण हात चुकत नव्हता. मी बाहेर येऊन दार ओढलं आणि स्टूल टाकून बसले. पाच मिनिटांत शेजारीण आली. "अहो सेक्रेटरीबाई, मिस्त्री गेले आणि परत हे काय? लिहून घ्या आधी!"

"वही सापडत नाहीये," मी म्हटलं. मी तिच्यावरच बसले होते.

आत घाव हळूहळू हलके होत गेले, मोजके, जवळजवळ. पोचा निघत आला की मिस्त्रींचा हात असाच पडायचा.