पुसलेला ठिपका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – घरात नाही, दोस्तांत नाही. तुम्हाला सांगतोय. कावून, ते विचारू नका.

मी धर्मापुरीचा, सुजाता युसूफवडगावची. एकाच सरांच्या हाताखाली पीएचडी करत होतो. काम फेरोइलेक्ट्रिक पॉलिमरचं – म्हणजे प्लॅस्टिकची पातळ फिल्म. तिला जबर व्होल्टेज दिलं की एक बाजू धन होते, दुसरी ऋण, अन् व्होल्टेज काढलं तरी तशीच राहते. डोळ्याला दोन्ही सारख्याच. म्हणून धन बाजूच्या कोपऱ्यावर शाईचा ठिपका द्यायचा. सुजाताचं म्हणणं – ठिपक्याच्या बाजूवर पाण्याचा थेंब जास्त पसरतो. दरवेळी.

दरवेळी? माझे आकडे कधी जुळायचे नाहीत, मग हिचेच कसे जुळतात? घरी बसून लिहिती का काय? सर हिला झुकतं माप देतात का? ती कुणाशी हसली तरी मला वाटायचं, मलाच हसली. अन् खरं सांगू? – तिच्या जागी माझ्या भावकीतलं कुणी असतं, तर ही शंका मला आलीच नसती. तिचं घर बौद्ध. ते माझ्या डोक्यात होतं.

एका दुपारी ती जेवायला गेलती. मी तिच्या डबीतली फिल्म काढली, दोन्हीकडं थेंब टाकून मोजलं. आकडे तिचेच आले – अगदी तेच. लई चडफडलो. थेंबाची खूण राहू नये म्हणून स्पिरिटनं फिल्म पुसली, तर ठिपकाच गेला. जिन्यात चपला वाजल्या. आता धन बाजू कुठली? अंदाजानं ठिपका दिला अन् डबी जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांपुढं थेंब टाकून दाखवले, तर सगळं उलटं आलं. सर म्हणाले, "आधीचे आकडे कुठून आणलेस?"

ती म्हणाली, "सर, फिल्मला कुणीतरी हात लावलाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. अन् मी हसत म्हणालो, "हिच्या डबीला कोण हात लावतंय, सर?"

ती माझ्याकडं बघत राहिली.

महिन्याभरात तिनं पीएचडी सोडली. मी पूर्ण केली. परवा मांजरसुंब्याच्या धाब्यावर ती दिसली, तसा मी चहा टाकून उठलो. तिनं बघितलं का मला? तिला तेव्हाच कळलं होतं का?

बोलण्याच्या ओघात निघून गेलं, असं मी स्वतःला लई वर्षं सांगितलं. खोटं हाय ते. त्या वाक्याला दोन अर्थ हायत, हे मला तोंड उघडायच्या आधीच ठाऊक होतं. म्हणूनच ते बोललो.