शुहेईच्या पेशी

इकुयोबाई तोंडाच्या फटकळ. लग्न होऊन क्योतोच्या त्या लोणच्याच्या दुकानात आल्या तेव्हापासून गिऱ्हाईक आणि सासू दोन्ही एकाच तोंडाने सांभाळतात. डिसेंबरात तर सलगमाचं लोणचं न्यायला अशी झुंबड उडते की विचारू नका. त्या ऐन गर्दीत डॉक्टर किरीशिमा काळा सूट घालून, मिठाईचा भला जड खोका घेऊन दारात उभे राहिले. एवढी जड मिठाई माणूस माफी मागायलाच आणतो.

आतल्या खोलीत डॉक्टरांनी चटईवर कपाळ टेकलं आणि सांगून टाकलं. बाईंचा एकुलता एक मुलगा शुहेई आधीच स्नायू झिजून झिजून ऐन तारुण्यात गेला होता. जाण्याआधी त्याने रक्त दिलं होतं. त्यातल्या साध्या पेशी डॉक्टरांच्या प्रयोगशाळेने पार मागे नेल्या, गर्भात असतात तशा मूळपेशी केल्या आणि त्यांपासून शुहेईचेच स्नायू काचेच्या बशीत वाढवले. एक औषध त्या स्नायूंना लागू पडत होतं. अजून एकदा पडताळलं की आजारी पोरांना देऊन बघायचं, असं ठरलं होतं. आणि प्रयोगशाळेत वर्षअखेरीची साफसफाई निघाली. ती काय, घराघरांत निघते. त्या उत्साहात शुहेईच्या पेशींच्या गोठवलेल्या सगळ्या नळ्या जुना पसारा म्हणून फेकल्या गेल्या. आता सांगा, संताप येणार नाही?

"साफसफाई?" बाई कडाडल्या. "माझं पोर झाडून टाकलंत?"

"चूक माझी आहे," डॉक्टर चटईतच बोलले.

अशा वेळी समोरच्याने 'अहो, डोकं वर करा' म्हणायचं असतं. तोवर माफी मागणारा हलत नाही. बाई काही म्हणेनात. बाहेर गिऱ्हाइकं हाका मारत होती.

"अगं, म्हण की!" सासू कुजबुजली. "वयस्कर माणूस आहे."

"राहू द्या तसंच! माझा शुहेई मान न हलवता पडून होता, त्याला कुणी उठवलं?" बाई उसळल्या. "नुसती कपाळं काय टेकता? पुन्हा करा त्या पेशी!"

"कशापासून करू? पडताळायचं तर जनुकांतला तोच बिघाड हवा, आणि शुहेईचा बिघाड दुसऱ्या कुणात सापडलाच नाही." डॉक्टर अडखळले. "म्हणजे... एका माणसात आहे. पण कोणत्या तोंडाने मागू?"

बाईंना कळलं. सासूलाही कळलं, तिने मान फिरवली. तो बिघाड आईकडून आला होता. घरात त्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं, बाई तर मुळीच नाही.

"माझ्या रक्तातून होईल?"

"होईल. बिघाड तुमच्या सगळ्याच पेशींत आहे, पण काहींतच जागा असतो. तेवढ्या वेगळ्या काढता येतात."

"अहो, मग ते आधी बोलायचं! कसले डॉक्टर तुम्ही!"

गल्ला सासूच्या हवाली करून बाई एप्रनसकट गाडीत बसल्या. दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा बांधला, सुई घातली आणि हळूच विचारलं, "दुखतंय का हो?"

"दुखतंय!" बाई ओरडल्या. "काढा अजून!"