फ्यूजिंगच्या टेबलावरच्या वहिनी

कुणीही समोर आलं की वहिनींची दोन बोटं आधी त्याच्या कॉलरकडे जायची. टोक चिमटीत धरायचं, नखानं जरा उचकून बघायचं आणि म्हणायचं, "चिपकलंय बरोबर. बसा." एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाचीही कॉलर त्यांनी अशीच चाचपली. तो बिचारा इतका गांगरला, की मीटर न बघताच जिना उतरू लागला. तुम्ही म्हणाल, बाई जरा आगाऊच दिसते. होत्याच.

मल्हारगंजातल्या एका गल्लीत आमचा शर्टांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, शिलाईच्या मशिनी आणि वर गच्ची. मी काज-बटणाला, वहिनी फ्यूजिंगला. पूर्वी कॉलरीत बकरम घालून शिवायचे आणि खळ देऊन ती कडक करायचे. मग बाजारात बड्या कंपन्यांचे गुळगुळीत कॉलरचे शर्ट आले आणि गिऱ्हाईक तसंच मागायला लागलं. आमच्या सेठजींनीही मशीन आणलं. अस्तराच्या एका बाजूला गोंदाचे बारीक दाणे असतात. ती बाजू कापडावर ठेवायची आणि तापलेल्या प्रेसखाली दाबायची. दाणे वितळून कापडात शिरतात, पण धरतात ते थंड झाल्यावर. त्याआधी हात लावला की केलेलं सगळं फुकट.

त्यामुळे "निवू द्या ना भिया!" हे वहिनींचं दिवसभर चालायचं. भिया म्हणजे आमच्याकडे भाऊ, पण त्यांना बाया-बापे सगळेच भिया. सेठजी घाईनं गठ्ठा उचलायला आले की त्यांनाही तेच, आपसात भांडणाऱ्या कारागिरांनाही तेच. मला एका स्थळाकडून नकार आला आणि मी मशीनवर डोकं टेकून रडत होते, तेव्हाही माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तेच ऐकवलं. असा राग आला होता मला!

वहिनींचे मिस्टर मिलमध्ये फिनिशिंग खात्यात होते. मिल बंद पडली, तरी ते कित्येक महिने सकाळी कपडे करून फाटकापर्यंत जात राहिले. मग तेही थांबलं आणि ते घरात बसले. बोलणंही हळूहळू बंद झालं. डबा खाताना वहिनी एकदा म्हणाल्या, "ओरडले असते तरी चाललं असतं गं. गुमसुम बसून राहतात. घरी एकटं सोडून येते ना, तर दिवसभर जिवाला घोर. शेजारच्या चाळीतल्या त्यांच्या दोस्ताचं काय झालं, माहीतच आहे तुला."

मला माहीत होतं. त्या माणसाचं प्रेत तलावातून काढलं होतं.

म्हणून वहिनींनी सेठजींच्या मागे भुणभुण लावली. मिलचा माणूस आहे, कापडातली खोट डोळे मिटून सांगेल, चेकिंगला ठेवा. सेठजी वाईट नव्हते, त्यांनी ठेवलं. मिस्टर आले, पण बायकोच्या कारखान्यात आल्याची लाज चेहऱ्यावर घेऊन आले. खिडकीशी बसायचे, मान खाली घालून कापड बघायचे, आणि सुट्टी झाली की वहिनींच्या चार पावलं पुढे चालत घरी जायचे.

लग्नसराईची मोठी ऑर्डर चालू होती, तेव्हा वहिनींना भाच्याच्या बारशाला देवासला जावं लागलं. सेठजीही त्या दिवशी बाहेरगावी होते. मशीनला वहिनींखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा सेठजींचा नियम. पण दुपारी मिस्टर उठले. कारागीर पलीकडच्या शिलाईच्या खोलीत होते, इकडे फक्त मी. कॉलरींचा गठ्ठा पुढ्यात घेतला, ओंजळीनं त्यावर पाणी शिंपडलं आणि प्रेस चालू केला.

"पाणी कशाला?" मी विचारलं.

"मिलमध्ये कोरडं कापड आम्ही कधीच गरम रोलरला दिलं नाही," ते म्हणाले. इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी गठ्ठा संपवला.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या आणि तो रचलेला ढीग बघून हरखून गेल्या. "त्यांनी केलं? आपल्या मनानं?" मला तीनतीनदा विचारलं. एका कॉलरचं टोक चिमटीत धरलं, ती सुटली नाही, आणि पुढची त्यांनी बघितलीच नाही. साऱ्या जगाच्या कॉलरी उचकणारी ही बाई, नवऱ्याच्या ढिगापाशी आनंदानं आंधळी झाली.

आमच्याकडे प्रत्येक ऑर्डरमधला एक शर्ट धुऊन गच्चीवर वाळत घालायची रीत होती. तो शर्ट खाली आला तेव्हा कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे होते. दुसरा धुतला, तिसरा धुतला, तेच. सगळा माल शिवून झालेला होता.

वहिनींनी मला जिन्यात ओढलं. "त्यांनी काय केलं होतं?"

मी पाण्याचं सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या. ओल्या कापडाची वाफ होते आणि गोंद वरवर धरतो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"कुणाला बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

"वहिनी, पण तुमचं काम जाईल."

"माझं जाईल ना? मी बघून घेईन. त्यांचं गेलं तर ते परत त्या खोलीत जाऊन बसतील. मग मी काय करू, सांग?"

वहिनी तशाच आत गेल्या. सगळ्यांदेखत त्या सेठजींना म्हणाल्या, "देवासहून आले, घाईत होते. गरम गरमच उचललं मी." सेठजींनी एका कॉलरवरचा फुगा अंगठ्यानं दाबून बघितला. मग म्हणाले, "भाभीजी, आपसे ये उम्मीद नहीं थी." मिस्टर खिडकीशी कापड बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वहिनी गेल्या. घरी साड्यांना फॉल-पिको करू लागल्या. मिस्टर राहिले, आणि खरं सांगायचं तर सुधारले. कारागिरांशी बोलायला लागले, चहाला थांबायला लागले.

पुढे संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. मिस्टरांनी स्वतः दार उघडलं, चांगले मोठ्यानं म्हणाले, "या, या!" वहिनी पिकोच्या मशीनवर वाकलेल्या होत्या. कारखान्याचा विषय निघाला, तसे ते माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "हिला जरा घाईच आहे हो. प्रेसवर धीर लागतो. मिलमध्ये असती ना, तर आठ दिवसांत शिकवलं असतं हिला."

ते फुगे आपल्या पाण्यानं आले हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, की ठाऊक होतं म्हणूनच बोलत होते, ते मला आजही कळलेलं नाही. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, आणि जरा मोठ्यानंच हसल्या.

"आहेच मुळी मी घाईची," त्या म्हणाल्या आणि साडीची पुढची कड मशीनखाली सरकवली.