बाबांचा डावा कान

तांब्याचं चित्र काढण्यात माझे सहा शनिवार गेले. सातव्या शनिवारी बाई म्हणाल्या, "हा तांब्या तू अजून बघितलेलाच नाहीस."

तांब्या समोर स्टुलावर होता. त्याच्याकडे बघून बघून माझे डोळे दुखायला लागले होते. माझं डोकंच फिरलं. कल्याणात आमचा गणपतीचा कारखाना, आजोबांपासूनचा. चालायला लागले तेव्हापासून माझे हात शाडूत आहेत. सोंडेचं वळण मी गप्पा मारता मारता देते. आणि इथे बाळकुमच्या एका सोसायटीत, पार्किंगला लागून असलेल्या खोलीत, मला पितळेचा तांब्या दिसत नाही म्हणे!

"तोंड गोल काढलंयस," बाई म्हणाल्या. "इथून ते गोल दिसतंय का?"

नव्हतं दिसत. चपटं दिसत होतं, बोटभरही उंची नव्हती त्याला. तांब्याचं तोंड गोल असतं हे मला माहीत होतं, म्हणून मी ते गोल काढलं होतं. सहा शनिवार.

बाई शिल्पकार. जन्मभर पुतळे केले, आता दर शनिवारी आम्हा चार-पाच जणांना शिकवायच्या. मी त्यांच्याकडे गेले ती एकच गोष्ट मनात धरून. मला बाबांचं डोकं करायचं होतं. मातीत, खऱ्या मापाचं, ते समोर बसलेले असताना. आमच्या घरात तीन पिढ्या देव घडले, माणूस एकही घडला नाही. आजोबांचा एक धुरकट फोटो आहे, त्यात ते फेट्याखाली कुठेतरी आहेत. बाबांचं तसं व्हायला नको होतं मला. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पुतळा माणूस गेल्यावर करतात. तुला घाई आहे का?" आणि स्वतःच खो खो हसले.

बाईंची अट साधी होती. मातीला हात लावायचा नाही. आधी वस्तू, मग चेहरे, मग बाबांचं डोकं आठ बाजूंनी कागदावर. "कागदावर जे कळलं नाही, ते मातीत आणखीच कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. बघायची रीतही त्यांनी ठरवून दिली होती. हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घ्यायचं. दोन डोळ्यांनी माप हलतं.

चेहऱ्यांसाठी त्यांनी मला कोपरीच्या मासळी बाजारात पाठवलं. तिथे एक म्हातारी कोळीण सुरमई कापत बसली होती. तासभर मी तिला काढत होते. खूश होते मी स्वतःवर. तिने हात पुसले, वही ओढून घेतली आणि शेजारणीला दाखवून हसत सुटली. "आगो पोरी, ही मी नाय गो! ही त आमची एकवीरा आई!"

बघते तर खरंच. लांब, कमळाच्या पाकळीसारखे डोळे, कानापर्यंत ओढलेले. म्हातारीचे डोळे बारीक, सुरकुत्यांत बुडालेले होते. हातानेच परस्पर आखणी केली होती. गणपतीचे डोळे रंगवतात त्याला आमच्यात आखणी म्हणतात, आणि ती मी लहानपणापासून बघत आलेय. स्कूटीवर बसून परत येताना काशेळीच्या पुलावर मला रडूच आलं. जे येत होतं ते आडवं येतंय आणि जे शिकतेय ते येत नाही. मग मला नक्की काय येतं?

त्यात घरीही काहीतरी बिनसलं होतं. आखणी हे कारखान्यातलं शेवटचं आणि सगळ्यात मानाचं काम, ते बाबांचं. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःहून कबूल केलं होतं की पुढच्या वेळी निम्मे गणपती माझे. आता हंगाम सुरू झाला, तर त्यांनी आतल्या खोलीला पडदा लावून घेतला. पूर्वी रेडिओ ऐकत, माझी चेष्टा करत आखणी करायचे, आता एकेका मूर्तीला अर्धा अर्धा दिवस. मी आत डोकावले की "नंतर ये" म्हणायचे. दोनदा चहाचा कप त्यांनी माझ्यासमोर टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि फोडला, वर माझ्यावरच खेकसले. मी तर पक्कं धरून चालले की बाबा रागावलेत. मुलगी बाहेर शिकायला गेली, ते त्यांना लागलंय.

तरी रविवारी दुपारी ते समोर बसायचे. पाठ झाली, दोन्ही बाजू झाल्या. पाठीमागून बाबांचं डोकं किती अरुंद आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. समोरून काढायला घेतलं आणि सगळं अडलं. उजवा कान पूर्ण दिसत होता, डावा जवळजवळ नाहीच.

"बाबा, समोर बघा ना."

"समोरच बघतोय की."

मी माप घेतलं. नाकापासून उजव्या कानापर्यंत पेन्सिलभर, डाव्या बाजूला त्याच्या निम्मंही नाही. चेहरा डावीकडे वळलेला होता. मी उठून त्यांची हनुवटी धरली आणि सरळ केली. परत जागेवर येऊन बसते तर तसेच. पुन्हा सरळ केली. "अगं, मान मोडशील माझी," ते म्हणाले. शेवटी कंटाळून मी ते सगळं खोडलं आणि दोन्ही कान सारखे काढले. मूर्तीला मधली रेघ मारली की दोन्ही बाजू सारख्या, हे तर आमच्या हाडात भिनलेलं.

शनिवारी बाईंनी कागद खिडकीकडे धरला. खोडलेल्या रेघा उजेडात दिसत होत्या.

"हे का खोडलं?"

"चुकलं होतं."

"कशावरून?"

 समोर बघणाऱ्या माणसाचे दोन्ही कान दिसतात, म्हणून? ते मला माहीत होतं. बघितलं होतं ते वेगळंच. बाईंनी दोऱ्याला एक नट बांधला आणि माझ्या हातात दिला. "हा ओळंबा डोळ्यासमोर धर आणि परत बघ. तुझ्या वडिलांचं चुकतंय की तुझं, ते मी इथे बसून कसं सांगू?"

खरं सांगते, मी चिडलेच होते. एवढं वय झालं बाईंचं, सरळ उत्तर म्हणून देत नाहीत.

रविवारी दोरा डोळ्यासमोर धरून बसले. या वेळी हनुवटीला हात लावला नाही. नुसतं दिसेल तसं काढत गेले. वळलेला चेहरा, मोठा उजवा कान, डाव्या कानाची फक्त पाळी. डावा डोळा काढताना लक्षात आलं की तो माझ्याकडे नाहीये. तो उघडा होता, पण माझ्या खांद्यावरून मागे, कपाटाकडे कुठेतरी. मी पुन्हा पुन्हा माप घेतलं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा तेच आलं.

"बघू," म्हणून बाबांनी कागद मागितला. हातात धरला आणि चेहरा डावीकडे वळवून उजव्या डोळ्यासमोर आणला. मी कागदावर काढलं होतं अगदी तसंच. 

"कान कुठे गेला माझा?" ते म्हणाले.

मला सरळ विचारायचा धीर होईना. म्हणून भलतंच बोलत सुटले, माप कसं घेतात, हात कसा ताठ करतात, बाई एक डोळा मिटून बघायला कशा शिकवतात.

बाबा थोडं हसले. "त्याला बाई कशाला हव्यात? मी वर्षभर एकाच डोळ्याने बघतोय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या गणपतीनंतर डाव्या बाजूला धूर आल्यासारखं झालं, मग तो वाढत गेला. कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. सांगितलं तर हातातून ब्रश काढून घेतील, ही भीती. पडद्याआड ते एका डोळ्याने आखणी करत होते. दोन रेघा जुळल्या नाहीत की पुसून पुन्हा करत होते. माझ्यावर ते रागावलेले नव्हतेच. मला दिसू नये म्हणून पडदा होता. आणि मी वर्षभर त्यांच्यासमोर जेवत होते, भांडत होते, रोज त्यांचं तोंड बघत होते. मला माझीच अशी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डावा परत यायचा नाही, उजव्यावरही सुरुवात झालीय, पण वेळेत आलात, तो सांभाळता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून थेंब चालू आहेत. बाईंना फोन करून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ते चित्र खोडू नकोस."

मातीचं डोकं अजून व्हायचंय. पण त्या आठवड्यात बाबांनी पडदा काढला. फळीवर बिनडोळ्यांचे गणपती ओळीने बसले होते. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. मी गोंधळलेच. इतके दिवस खरं बघायला शिकत होते, आता हात पूर्वीसारखा सुटेल की नाही कळेना. "मला जमेल ना, बाबा?" मी विचारलं.

"कर. मी बघतोय," ते म्हणाले आणि स्टूल ओढून समोर बसले. चेहरा डावीकडे वळलेला, उजवा कान पूर्ण, डावा जवळजवळ नाहीच. त्या दिवशी मी त्यांना समोर बघा म्हटलं नाही.