उजव्या रेघेवरची पोर

मी गणिताची मास्तरीण. फुटबॉलचं आणि माझं नातं एवढंच, की खेळाचे सर बदलून गेले आणि हेडमास्तरांनी शिट्टी माझ्या हातात दिली. पण एकदा काम हातात घेतलं की मला स्वस्थ बसवत नाही. मोबाइलवर मॅच बघून बघून मी चार-तीन-तीन शिकले. मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन. पुढच्या तिघींतल्या दोघींनी मैदानाच्या कडांना चिकटून राहायचं. त्यांना अडवायला समोरच्या पोरी पांगतात, मधे जागा होते, आणि कडेवरून आलेला बॉल मधलीनं जाळ्यात टाकायचा. धानोऱ्याजवळच्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात हिरडे मांडून मी हे समजावलं. पोरी माना डोलवायच्या, आणि खेळायला उतरल्या की पुन्हा गुळावरच्या माशांसारख्या बॉलभोवती गोळा! डोकंच फिरायचं माझं.

त्यांच्यातली एक अशी पळायची, की तिला धरणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. ती मधे खेळायची आणि गोल तीच करायची. जिल्ह्याच्या मॅचला खेळाच्या होस्टेलसाठी पोरी निवडणारे दोघं येणार होते, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे तिच्यासाठी हा एकच दिवस. तरी मी तिला उजव्या कडेला टाकलं, कारण कडेनं पळायला दुसरी होतीच कोण? मधे एका उंच पोरीला उभं केलं.

"मॅडम, तिकडे मले कोण पाहीन?" तिनं विचारलं.

"चांगला खेळ कुठीबी दिसते," मी ठणकावलं. बोलले खरी, पण माझाच त्यावर पुरता विश्वास नव्हता.

मॅचमध्ये भलतंच झालं. ती कडेनं सुसाट निघायची आणि चुन्याच्या रेघेच्या चार पावलं अलीकडे आपोआप आत वळायची. तिथं समोरच्या तिघी-चौघी उभ्याच. एकदा झालं, दोनदा झालं, पाच वेळा झालं. "अवं, बाहेरून जा! तिथी काय वाघ बसला हाय?" ओरडून ओरडून माझा घसा बसला.

मग एकदम उमगलं. आम्ही सराव करायचो तो कापणी झालेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांनी पेरलेली लाखोरीची डाळ, आणि ढोरं शिरू नयेत म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण. अनवाणी पोरी त्या कुंपणाजवळ कशाला जातील? चार पावलं आधी वळायची सवय तिच्या पायांना तिथंच लागली होती. रोज बांधीत उभी राहून मला हे दिसू नये! असा राग आला स्वतःचा, की काय सांगू.

अर्धा वेळ झाला तेव्हा शून्य-शून्य. ती धापा टाकत माझ्याजवळ आली. "मॅडम, आता तरी मले मधात येऊ द्या. ते वहीत लिहून राह्यले."

निवडणारे दोघं गोलच्या मागे खुर्च्या टाकून बसले होते. मधे आली असती तर ती त्यांना दिसली असती. पण मधे गर्दी होती, तिला तिघींनी घेरलं असतं आणि आम्ही हरलो असतो. आमची शाळा तोवर एकही मॅच जिंकली नव्हती, आणि मला जिंकायचं होतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

"मधात नाई," मी म्हटलं. हात धरून तिला रेघेपर्यंत नेलं. "पाहून घे, इथी काटे नाईत. पार इथवर ये, मग बॉल आत मार."

तिनं तसंच केलं. दोनदा रेघेपर्यंत गेली, दोनदा बॉल आत आला, आणि उंच पोरीनं दोन्ही वेळा जाळ्यात टाकला. दोन-शून्य! पोरी नाचल्या. पदर खोचून मीही नाचले.

मग होस्टेलसाठी निवडलेल्या पोरींची यादी वाचली, त्यात आमच्या शाळेतून एकच नाव, उंच पोरीचं.

मी धावतच गेले. "अहो भाऊ, गोल तिनं मारले, पण बॉल कुठून आला ते पाह्यलं का?" खडे मांडून सगळं दाखवलं. त्यांच्यातल्या वयस्कर माणसानं ते नीट ऐकूनही घेतलं.

"तुमचं खरं हाय, बाई," ते म्हणाले. "पण यादी गेली आता. पोरगी एवढी चांगली होती, तर तिले मधात काऊन नाई खेळवलं?"

मी मांडलेले खडे गोळा करून उठले.

ती नळावर पाय धूत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. माफी मागायची होती. पण आधी तीच म्हणाली, "मॅडम, पुढच्या मॅचले ते निवडणारे येतीन का?"

"नाई," मी म्हटलं.

"मग मले कडेलेच ठेवा."